जांभळीखालचा मांडव

बार्शीटाकळीच्या अलीकडे नदीकाठी चाळीस एकर रान उभं आहे. ते आपण राखलं असं सरकार म्हणतं, आणि आपण राखलं असं गाव म्हणतं. खरं सांगायचं तर ते शकुनच्या जिभेने राखलं. वनसमितीची अध्यक्ष होऊन तिला सहा वर्षं झाली. तेवढ्या काळात ओल्या लाकडाला कुऱ्हाड लावणारा एकही माणूस तिच्या तोंडातून सुखरूप सुटला नाही. नियम साधा होता. वाळलेलं उचला, गवत कापा, जांभळं वेचून अकोल्याला विका. ओली डहाळी तोडली, तर त्या घराला वर्षभर रानातली काडीही मिळणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या जाईबाईने पोराच्या लग्नाला जांभळाच्या डहाळ्या मागितल्या. मांडवावर हिरवं पडल्याशिवाय इकडे लग्नाला लग्न म्हणत नाहीत. शकुनने नाही म्हटलं, आणि वर झाडांचं महत्त्व ऐकवलं. लग्न निळ्या प्लास्टिकखाली लागलं. नवरानवरी दोघंही फोटोत काविळीतून उठल्यासारखी आली. तेव्हापासून जाईबाईने तिच्याशी अबोला धरला.

यंदा शकुनच्याच लेकीचं, आचलचं लग्न निघालं. व्याही मोर्शीचे, संत्र्यांच्या बागा असलेले, त्यामुळे नाक जन्मापासून वर. हिरवा मांडव नसेल तर वरात वेशीवरूनच परत फिरेल, असं विहीणबाईंनी फोनवर बजावलं. तरी शकुनने नवऱ्याला, श्यामला, प्लास्टिक आणायला सांगितलं. श्याम हो म्हणाला. श्याम लग्न झाल्यापासून हो म्हणतो आणि स्वतःला हवं तेच करतो.

मांडवाच्या दिवशी सकाळी तो जांभळाच्या डहाळ्यांनी भरलेली बैलगाडी भर गावातून हाकत आला. अध्यक्षीणबाईंच्या नवऱ्याला कोण अडवणार, असा त्याचा हिशेब.

गाडी पाहून शकुनला आधी आनंदच झाला. लेकीचा मांडव तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मग दारात जमलेल्या बाया दिसल्या. त्यांच्यात जाईबाईही होती. हा मांडव चढला तर उद्या प्रत्येक लग्नघरातून गाडी निघेल, आणि चार वर्षांत नदीकाठी कुऱ्हाडीला दांडाही मिळायचा नाही, हे शकुनला कळत होतं.

"आमच्या घराले वर्सभर रान बंद," ती म्हणाली. "गाडीतल्या डगाली बकऱ्याईले टाका."

एवढं बोलून ती रडली. लेकीचं लग्न आपणच आपल्या हाताने मोडलं असं तिला वाटलं. गावभरच्या बकऱ्यांनी मात्र लग्नाच्या आधीच पंगत उरकली.

तेव्हा वर्षभराचा अबोला मोडून जाईबाई बोलली. "विहिणीले हिरवा मांडव पाह्यजे ना? नदीवर उभाच हाय. तोडाले बंदी हाय, खाली बसाले नाही."

दुसऱ्या दिवशी वरात थेट जांभळीखाली उतरवली. विहीणबाईंनी तोंड वाकडं करून वर पाहिलं, पण एवढ्या हिरव्या मांडवाला नाव ठेवायचं कसं, हे त्यांना सुचेना. जून महिना, झाडं पिकून लगडलेली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि अक्षतांबरोबर जांभळंही पडू लागली. नवरदेवाची पांढरी शेरवानी ठिपक्याठिपक्यांची झाली. विहीणबाई कुरकुरत होत्या आणि ओंजळीने खात होत्या. सगळ्या वऱ्हाडाच्या जिभा जांभळ्या झाल्या. कोरड्या राहिल्या फक्त दोन, शकुनची आणि श्यामची. त्यांना रान बंद होतं, आणि समितीच्या बाया टक लावून बसल्या होत्या.

आचल सासरी निघाली. शकुन जाईबाईजवळ जाऊन बसली.

"तुमच्या पोराच्या लग्नात हे माह्या डोक्यात कावून नाही आलं वं, जाईबाई?"

"माह्या डोक्यात आलं व्हतं," जाईबाई म्हणाली. "तू मले बोलू कुठी देल्लं?"