मच्छिंद्रच्या हातातला माईक

मी माईक बोलतोय. आजवर दुसऱ्यांचं ऐकत आलो, आज जरा माझं ऐका.

घडलो कुठल्याशा कारखान्यात. पण कामाला लागलो कर्जतला. मच्छिंद्रनं मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल काढलं आणि माझ्या गळ्यात चॅनेलच्या नावाचा लाल ठोकळा अडकवला. सुरुवातीला कांद्याचा लिलाव, पाण्याचे टँकर, बंद पडलेली शाळा. पाहणारे मोजके, पण काम इमानाचं.

बाजारतळावर सूर्यभान नावाचा एकजण पानटपरीपुढं उभा राहून मुसलमानांच्या नावानं बोटं मोडायचा. लोक हसायचे. "सूर्या, घरी जा, म्हैस वरडती तुझी!" तेवढ्यावर विषय संपायचा. एकदा बातमीच नव्हती, म्हणून मच्छिंद्रनं मला त्याच्यापुढं धरलं. लोकांनी धडाधड पाहिलं. मग रोजच धरू लागला. आधी तो 'वादग्रस्त' होता, मग 'आक्रमक' झाला, दिवाळीला 'नेते सूर्यभानराव'. माणूस तोच, शिव्या त्याच, फक्त पुडी चकचकीत. नासका माल विकणारे बाजारात मी पुष्कळ पाहिले. पण ते निदान गिऱ्हाइकाची नजर चुकवतात.

पुढं रावांनी फर्मावलं, आठवडे बाजारात मुसलमानाकडून काही घेऊ नका. मच्छिंद्रनं लगेच टाकलं, 'बहिष्कार योग्य की अयोग्य? आपलं मत कळवा.' जणू भेंडीचा भाव विचारतोय!

"दोन्ही बाजू दाखवल्या पाहिजेत," म्हणत त्यानं मला बाजारात बांगड्या विकणाऱ्या रशीदाबीपुढं नेलं. पंचक्रोशीत नवरीचा हिरवा चुडा भरावा तो तिनंच.

"मावशी, तुमची बाजू काय?"

"कशाची बाजू रं? तुझ्या बायकूच्या हातात चुडा कोनी भरला? मी काय आज उगवले व्हय?"

सूर्यभानरावांचं बोलणं सगळं दाखवलं. रशीदाबीचं "कशाची बाजू रं?" तेवढंच ठेवलं. वर मथळा, 'बांगडीवालीला उत्तर सुचेना'. पुढच्या बाजारी तिच्या जागेवर रावांचा फलक उभा.

परवा मच्छिंद्रच्याच बहिणीचं, ज्योतीचं लग्न होतं. आई कडूबाई म्हणाली, "रशीदाबीला सांगावा धाड. माझा चुडा तिच्या सासूनं भरलेला."

"आई, सूर्यभानराव येनार हायेत. बरं दिसंल का?"

"कोन राव? त्यो टपरीवरला सूर्या? त्याला राव कोनी केलं?"

मच्छिंद्रनं मला खुंटीला अडकवलं. कडूबाई स्वतःच गेली आणि चुडा पदरात घेऊन एकटीच परतली.

"बांगड्या दिल्या, पैसं घेतलं न्हाई. यायला मातर न्हाई म्हनली. म्हनली, तुझ्या ल्योकानं मला गावाला लई दाखवलं, आता पुरं."

मग कडूबाईनंच सवय नसलेल्या हातानं चुडा भरला. दोन बांगड्या फुटल्या, ज्योतीच्या मनगटावर ओरखडा उठला.

इतक्यात मांडवात राव आले. मच्छिंद्रनं मला खुंटीवरून काढलं आणि पुन्हा त्या तोंडापुढं धरलं. "साहेब, दोन शब्द?"

बाबांनो, तुम्ही पाहता म्हणून तो मला धरतो. पाहणं सोडा. आणि मला भंगारात घाला. भंगारवाला निदान हातात येईल ते पारखून घेतो.