बारावी ओळ

बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. प्रत्येक पाटीवर खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्यांचं नाव असायचं. "काम आपलं असेल तर कोपऱ्यात नाव असतं," हे मी लहानपणापासून ऐकत आले. आता पाट्या मशीनवर छापतात, बाबांचे हात थरथरतात, आणि दिवसभर खिडकीत बसून ते मला एकच प्रश्न विचारतात, "तू नक्की करतेस काय गं?"

सांगायला सोपं नाही. कम्प्युटर-मोबाइलच्या पोटात असते ती चिप आखायची काही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. जगभरच्या लोकांनी हौसेनं लिहिलेली, कुणीही घ्यावीत, बदलावीत अशी. एक तारा आखतं, एक वेळ मोजतं, एक चुका शोधतं. अशी एकतीस, आणि एकाला दुसऱ्याचं तोंड बघवत नाही. एकाची नवी आवृत्ती आली की दुसरं रुसून बंद पडतं. मी या एकतीस जणांना एका घरात नांदवते आणि कुणाच्याही कम्प्युटरवर एका फटक्यात बसेल असं गाठोडं बांधून वाटते. नऊ वर्षं झाली. आज चार हजार कम्प्युटरांवर ते आहे. चाललं तर कुणाला माझी आठवण येत नाही. अडलं की सकाळी सहापासून शिव्या सुरू.

यंदा विद्यापीठातल्या एका सरांच्या गटानं याच गाठोड्यातून एक खरी चिप आखली. अशा चिपच्या एका रिकाम्या कोपऱ्यात, वरच्या धातूच्या थरात, करणाऱ्यांची नावं कोरायची रीत आहे. सर म्हणाले, "तुमचंही नाव घालतोय बरं का. तुमच्याशिवाय हे झालंच नसतं." हुरळली मेंढी, दुसरं काय! घरी आल्या आल्या बाबांना सांगून टाकलं. ते कितीतरी महिन्यांनी ताठ बसले. "मला दाखव हं," म्हणाले, आणि कपाटातलं भिंग शोधून उशाशी ठेवलं.

चिपचा नकाशा ती बनवणाऱ्या कारखान्याला पाठवायची मुदत दुपारी चारची होती. अडीच वाजता सरांच्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याला सगळे कासव म्हणतात, ते उगाच नाही.

"ताई, तपासणीत चौदा चुका निघाल्यात. सगळ्या तुमच्या नावात."

अकरा नावं आधी बसली होती. माझं बारावं, सगळ्यात लांब, आणि शेजारी देणगीदार कंपनीचा लोगो. म्हणून कासवानं माझी अक्षरं दाटीवाटीनं कोंबली. धातूच्या दोन रेघांमध्ये ठरावीक जागा सोडावीच लागते, नाहीतर त्या चिकटतात. आता हे तपासणारं सॉफ्टवेअर माझ्याच गाठोड्यातलं, नियमांची फाइलही मीच पारखून घातलेली. आपलेच दात, आपलेच ओठ.

"लोगो सरकव ना जरा."

"सर म्हणतात, तो हलणार नाही. ताई, तुम्हीच तो नियम थोडा सैल करून नवं गाठोडं सोडा. कारखाना तुमच्याच गाठोड्याचा निकाल मानतो. नुसती नावं तर आहेत, त्यातून वीज थोडीच जाते!"

पाच मिनिटांचं काम होतं. मी फाइल उघडलीसुद्धा. एक आकडा बदलायचा. पण तेच गाठोडं सगळ्यांकडे जातं; मग त्या चार हजारांतल्या कुणाच्या तरी खऱ्या तारा चिकटल्या असत्या, आणि त्याच्या वर्षभराच्या मेहनतीची चिप कारखान्यातून मेलेली परत आली असती. मी फाइल बंद केली.

"नुसती आद्याक्षरं घाल माझी."

फोन सरांनी घेतला. "एकट्या तुमचीच आद्याक्षरं बरी दिसतील का? ओळच काढू या. पुढच्या चिपवर पहिलं नाव तुमचं."

"काढा," मी म्हटलं. सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा. त्या अकरांत सरांचा मेहुणा आहे. त्यानं प्रयोगशाळेला पडदे लावून दिले होते. मला तेव्हा राग आला होता, अजून येतो.

पाच महिन्यांनी चिप आली आणि चालली. सरांनी त्या कोपऱ्याचा मोठा करून काढलेला फोटो सगळ्यांना पाठवला. बाबा विसरले असतील असं मी धरून चालले होते. एका सकाळी चहाचा कप घेताना त्यांनी विचारलंच, "ते नाव आलं का गं?"

मी फोटो छापून दिला. खरं सांगायला तोंड नव्हतं, आणि वाटलं, त्यांना आता कुठं नीट दिसतं!

त्यांनी ओठ हलवत एकेक नाव वाचलं. मग भिंग एका जागी थांबलं.

"हे बारा ओळींचं माप आहे. अकराच आहेत. इथली ओळ कुणीतरी पुसलीय."

पन्नास वर्षं पाट्या रंगवलेला माणूस. त्याला कोण फसवणार?

"माझी होती, बाबा."

"कुणी पुसली?"

"मीच सांगितलं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मीही एकदा पुसलं होतं," ते म्हणाले. "शाळेची पाटी होती. अक्षरं वाकडी गेली, रंग ओघळला. लाज वाटली, म्हणून कोपऱ्यातलं नाव काढून टाकलं." त्यांनी हात माझ्या हातावर ठेवला. "होतं गं असं. चुकतं माणसाचं काम."

चुकलं नव्हतं, बाबा. तो नियम, ते चार हजार कम्प्युटर, तो पडदेवाला मेहुणा, सगळं ओठांपर्यंत आलं. पण बाबांनी भिंग पुसून डबीत घातलं आणि डबी कपाटात ठेवायला माझ्याकडे दिली. त्या दिवसापासून त्यांनी मी काय करते ते विचारलेलं नाही.