परसातलं शून्य

मातीत शिसं किती आहे हे शोधायला अक्कल लागत नाही, असं आमच्या साहेबांचं मत. यंत्र आहे, ज्योत आहे, बटण आहे; माकडसुद्धा दाबेल. साहेब स्वतः मात्र त्या बटणाच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. सही ठोकायला तेवढे पुढे.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं त्या यंत्रापुढे बसते. माती वाळवायची, चाळायची, आम्लात उकळायची, गाळायची आणि तो अर्क ज्योतीत फवारायचा. ज्योतीच्या एका बाजूला शिशाचा दिवा असतो. त्याचा प्रकाश ज्योतीतलं शिसं गिळतं. जितका प्रकाश गिळला गेला, तितकं मातीत शिसं. पण मोजायला सुरुवात कुठून करायची? म्हणून यंत्राला आधी स्वच्छ मातीचा अर्क दाखवायचा, शून्याचं बटण दाबायचं आणि पुढचे सगळे नमुने त्या शून्यापासून मोजायचे.

ही स्वच्छ माती पूर्वी सीलबंद बाटलीत यायची. अकरा वर्षांपूर्वी ती संपली. साहेबांनी मागणीपत्र लिहायला घेतलं, ते अजून लिहिताहेत. मग मीच घरून आणली. आमच्या परसात, मागच्या खिडकीखाली, मैद्यासारखी बारीक माती आहे, औषधाला खडा सापडायचा नाही. डबाभर आणायची, चाळायची आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवायची. तेव्हापासून इथली शेतं, मैदानं, शाळांची पटांगणं, सगळी माझ्या परसाशी ताडून पाहिली गेली. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

पुष्कळदा नमुन्याचा आकडा शून्याच्याही खाली जायचा. उणे शिसं! असलं काही जगात असतं का? नमुने उकळणाऱ्यांनी आळस केला असणार, हे मी बसल्या जागी ओळखायचे. त्यांना फाडफाड बोलायचे आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं लिहून मोकळी व्हायचे. ते बिचारे यंत्राकडे बोट दाखवायचे. नाचता येईना अंगण वाकडं, मी म्हणायचे.

घरी माझी अडीच वर्षांची नात. चालायला लागल्यापासून एका जागी ठरेना म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. चार महिन्यांपासून भिंगरी बसून असायची. जेवायची नाही, पोट धरून रडायची, रंग उडालेला. शिकलेले शब्दही एकेक करून गळायला लागले होते. आणि खिडकीखाली बसून माती खायची, मूठमूठ.

दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घर जुनं आहे का? रक्तातलं शिसं एकदा बघून घेऊ या.”

मला हसू आलं. कालची पोर, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली, आणि मला शिसं शिकवते! “अहो, शिसं मोजण्यात माझे केस पिकलेत,” मी म्हटलं. “लेकराला उगीच सुया कशाला टोचता?”

सून शेजारीच भिंगरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती माझ्यापुढे कमीच बोलते, आणि मी त्याला बावळटपणा समजत आले. त्या दिवसापासून ती परसाचं दार लावून ठेवायला लागली. दोन दिवसांनी मी कामावर निघताना तिनं माझ्या डब्याशेजारी एक पुडी ठेवली.

“आई, खिडकीखालची माती आहे. एवढी बघाल का?”

“अगं, जिच्यावरून सगळ्यांची माती मोजते, तीच मोजू?”

“तरी बघा ना.”

बघितली. यंत्राला माझ्या डब्यातला अर्क दाखवला, शून्य केलं आणि पुडीतल्या मातीचा अर्क फवारला. शून्य. दशांश चिन्हापुढेही शून्य. कार्यालयाच्या छापील कागदावर आकडा लिहिला, तारीख घातली, शिक्का मारला आणि घरी येऊन फ्रिजवर चिकटवला. सुनेनं तो दोनदा वाचला. “बरं झालं,” म्हणाली. रक्ताची तपासणी राहिली आणि परसाचं दार उघडलं.

पुढे तीन आठवड्यांनी गुडघ्यासाठी मी दोन दिवस रजा घेतली. माझ्या जागी बसले पाणीवाले. हे गृहस्थ पंचवीस वर्षं पाणी तपासत होते. तो विभाग बंद झाला आणि ते आमच्या गळ्यात पडले. कुणी ओरडलं तरी हळू बोलणारा माणूस. असल्या माणसांचा मला मुळातच राग येतो.

मी परतले तर टेबलावर तीस नमुन्यांचे आकडे, सगळे भलतेच फुगलेले.

“हे काय करून ठेवलंत?”

“तुमचं कपाट बंद होतं, मॅडम. मग नुसत्या आम्लावर शून्य केलं. पाण्याच्या विभागात तसंच करायचो.”

“पाण्याच्या! हे पाणी आहे का? भांडी घाण असतील तुमची. नाहीतर आम्ल घाण असेल.”

“आम्ल घाण असतं तर शून्य करतानाही असतं आणि नमुन्यातही. वजा होऊन गेलं असतं,” ते हळूच म्हणाले. “यातले पाच जुनेच नमुने आहेत, तुम्ही मोजलेले. पाचही एकाच आकड्यानं वर गेलेत. चार तर तुमच्याकडे उणे होते.”

“मग?”

“मग फरक नमुन्यांत नाही. तुमच्या डब्यात असेल.”

उचलली जीभ लावली टाळ्याला! त्यांना तिथेच तोंडावर पाडायचं मी ठरवलं. कपाट उघडलं. भांडी स्वतः घासली, आम्लाची नवी बाटली फोडली, माझी माती स्वतः उकळली. नुसत्या आम्लावर शून्य केलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा डब्यातली माती नमुना म्हणून ज्योतीत सोडली.

आकडा चढत गेला आणि थांबला. लहान मुलांच्या मैदानासाठी आमच्या तक्त्यात जी मर्यादा आहे, तिच्या तिप्पट. पुन्हा केलं. तेवढाच. तिसऱ्यांदा केलं, तरी तेवढाच. मी माझ्या मातीचं शिसं माझ्याच मातीच्या शिशातून वजा केलं होतं. शून्य येणार नाही तर काय येणार? इतका गाढवपणा त्या नमुने उकळणाऱ्यांनीही कधी केला नसेल.

आणि मग मला ह्यांची आठवण आली. ह्यांना रंगकामाची हौस. दर दोन-तीन वर्षांनी खिडक्यांची झडपं खरवडायचे, जुना रंग काढून नवा द्यायचे. मला घरात एक कण पडलेला खपायचा नाही. “बाहेर काय ते करा,” मी ओरडायचे, “मागच्या खिडकीखाली.” बिचारे वीस वर्षं तिथे उकिडवे बसून खरवडत राहिले. ते गेले, जुन्या रंगाचा भुगा आणि त्यातलं शिसं राहिलं.

पाणीवाल्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

“अकरा वर्षांच्या वह्या काढा,” मी म्हटलं. “सगळं पुन्हा मोजायचं. साहेबांना मी सांगते.”

“आता काढतो. तुम्ही घरी जा, मॅडम.”

मी भरदुपारी घरी पोचले. परसाचं दार सताड उघडं. भिंगरी खिडकीखाली बसली होती, हनुवटीपर्यंत माती. मी तिला उचललं, तोंडात बोट घालून माती काढायला लागले. तिनं रडायलाही फारसं बळ लावलं नाही.

सून कपडे वाळत घालत होती. “असू दे आई, खेळू दे,” ती म्हणाली. “तुमचा कागद आहे ना.”

मी सगळं सांगितलं, डबा, शून्य, ह्यांची खिडकी. तिनं मला एकदाही अडवलं नाही. भिंगरीला माझ्या कडेवरून घेतलं, तिचं तोंड धुतलं, कपडे बदलले. मग फ्रिजवरचा कागद नीट, न फाडता काढला आणि दवाखान्याच्या फाइलीत ठेवला.

“तो कशाला घेतेस?” मी विचारलं. “फेकून दे. खोटा आहे तो.”

“डॉक्टर विचारतील ना, तेव्हाच रक्त का नाही तपासलं म्हणून,” ती म्हणाली. “त्याच्यावर तारीख आहे.”

तारीख माझ्याच अक्षरात होती. मी चपला घातल्या आणि तिच्या मागून दवाखान्याकडे निघाले.