रजा द्या

कचेरीत तिला सगळे रजाताई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असेल तेवढंच. कुणाकडे पाळणा हलणार आहे, कुणाच्या सासऱ्यांचा दमा उसळलाय, कुणाला सोमवारीच हमखास पोटदुखी होते, सगळं तिला तोंडपाठ. दारातून डोकं आत घालून "ताई, उद्या येत नाही हं" म्हटलं की ती मान डोलवायची. झाली रजा.

पण कंपनी देशोदेशी पसरलेली. दूरच्या मुख्यालयाला वाटलं, या मान डोलवण्याचा आलेख कसा काढणार? फर्मान निघालं: माणसांचा सगळा कारभार आता क्लाउडवर. हजेरी, बढती, विमा, सगळं. आणि इथल्या शाखेत तो बसवून द्यायचा रजाताईनं, प्रशासक म्हणून.

घरी सांगितलं तर आई भिंतीला धरून हसली. तिचा खुबा झिजला होता. वर्षभर तिची सगळी मैत्री भिंतींशीच. "क्लाउड म्हणजे ढगच ना गं? म्हणजे तुमची हजेरी आता आभाळ घेणार!" आणि भाजी निवडता निवडता तिनं जुळवलंसुद्धा:

*ढगाच्या पोटामंदी माझ्या लेकीचं दफ्तर,*
*आभाळा, हाक देते, कधी देशील उत्तर?*

"देईल, देईल," ताई म्हणाली. "तुझ्या ऑपरेशनला हो म्हणालाय ना विमा, मग झालं तर." कंपनीच्या विम्यात आई होती म्हणूनच खुब्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. नाहीतर पुढचा जन्मही भिंतींच्याच सोबतीनं गेला असता.

कचेरीत बसवाबसवी सुरू झाली. मुख्यालयाचा पहिला हुकूम आला: पडद्यावर कठोर शब्द नको. 'कर्मचाऱ्याला काढून टाका' असं बटण नको, मनं दुखावतात. काढून टाकायला हरकत नव्हती, म्हणायला होती. त्यासाठी एक भाषातज्ज्ञ बोलावले. त्यांचा शब्दकोश जाड, चष्मा त्याहून जाड.

"आपली भाषा मुळात मायाळू," ते म्हणाले. "पूर्वी माणसाला कामावरून काढलं की म्हणायचे, त्याला रजा दिली. किती हळुवार! बटणावर घाला: रजा द्या."

"आणि खऱ्या रजेला काय म्हणायचं?" ताईनं विचारलं.

"अनुपस्थिती. अर्ज आला की बटण दाबायचं: अनुपस्थिती ग्राह्य धरा."

"अहो, लोक गोंधळतील."

"ताई, गोंधळ लोकांचा असतो. भाषेचा नसतो."

मोठे साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. ते म्हणाले, "छान, छान." ठराव झाला.

मग यंत्रानं ताईला विचारलं, नोकरी संपली की विमा कधी संपवू? महिनाअखेरीला की त्याच क्षणी? मुख्यालयाचं उत्तर ठरलेलं होतं: त्याच क्षणी. ताईचं बोट जरासं थबकलं. पण चहा निवत होता, आणि प्रश्न दुसऱ्या कुणाबद्दल तरी होता. तिनं टिचकी मारली.

कारभार ढगात चढला त्या दिवशी कचेरीत फुगे लावले. पहिला अर्ज ताईनंच केला: परवा आईचं ऑपरेशन, एक दिवस हवा. अर्ज गेला मोठ्या साहेबांकडे. साहेब मनानं लोणी, आणि यंत्रापुढे बसले की डोक्यानंही. पडद्यावर त्यांना दोन बटणं दिसली. 'अनुपस्थिती ग्राह्य धरा' हे वाचून त्यांना आपण कोर्टात उभे आहोत असं वाटलं. दुसरं बटण कसं घरचं, ओळखीचं.

यंत्रानं विचारलं, "नक्की?"

"अहो, आनंदानं!" साहेब म्हणाले आणि त्यांनी ताईला रजा दिली.

पलीकडे ताईचा पडदा मिटला. वीज गेली असं तिला वाटलं. मग त्यावर अक्षरं उमटली, 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' तेवढ्यात फोन किणकिणला. विमा कंपनीचा निरोप होता: 'आपले व आपल्या मातोश्रींचे संरक्षण समाप्त झाले आहे. काळजी घ्या.'

ती साहेबांच्या खोलीत गेली. तिचा चेहरा पाहून साहेब आधी हसले, मग हळूहळू हसायचे थांबले.

"साहेब, तुम्ही मला काढलंत."

"काढलं? मी तर रजा दिली!"

"तेच ते."

साहेबांनी मदतकक्षाला फोन लावला. कुठल्या तरी लांबच्या देशातून मधाळ आवाज आला, "हे फक्त तुमच्या प्रशासकाला उलटवता येतं."

"पण तिलाच काढलंय!"

"मग प्रशासकाच्या वरिष्ठांशी बोला."

"तो मीच."

"उत्तम. मग तुम्ही प्रशासकाला सांगा."

साहेबांनी फोन ठेवला आणि कपाळाचा घाम पुसला. एकच वाट उरली होती. ताईची जागा रिकामी दिसत होती, त्या जागेवर ताईलाच नव्यानं घ्यायचं. पण यंत्र मुलाखतीशिवाय कुणाला घेईना. मग समोरासमोर बसून साहेब पडद्यावरचे प्रश्न वाचू लागले.

"आधीची नोकरी का सोडलीत?"

"तुम्ही बटण दाबलंत म्हणून."

"ते कारण यात नाही हो ताई. 'प्रगतीची संधी' टाकू?"

"टाका. झालीच आहे प्रगती."

"आमच्या कंपनीबद्दल काय माहिती आहे?"

"साहेब, आज विचारू नका."

संध्याकाळच्या आत ताई पुन्हा नोकरीला लागली. विमा जिवंत झाला, आईचं नाव त्यात परतलं. ताईनं डोळे पुसले आणि पुन्हा रजेचा अर्ज उघडला. पडद्यावर लिहिलं होतं: 'नवीन कर्मचारी. अनुपस्थिती शिल्लक: शून्य. सुरुवातीच्या काळात जागेवर नसल्यास प्रणाली आपोआप रजा देईल.'

म्हणजे आईजवळ जावं तर विमा जाणार, आणि विमा राखावा तर आईजवळ दुसरंच कुणी. हे बदलायला प्रशासकाचा हक्क हवा, आणि तो नव्या माणसाला इतक्यात मिळत नाही. हा नियमही तिनंच बसवलेला.

घरी आई म्हणाली, "मी जाईन की रिक्षानं. भूल दिल्यावर कोण जवळ आहे ते मला कुठं कळणार?" आणि चेहरा भिंतीकडे वळवला. भिंतीशी तिचं काही तरी बोलणं झालं असावं.

दुसऱ्या दिवशी ताई जागेवर बसली. कुणी दारातून डोकं घातलं तर वर बघेना. दुपारी साहेब येऊन उभे राहिले.

"त्याला कसं कळतं हो, माणूस जागेवर आहे ते?"

"माऊस हलला की नावापुढे हिरवा दिवा लागतो. नाही हलला की लाल."

"एवढंच?"

"एवढंच, साहेब. एवढ्यासाठी आपण फुगे लावले."

साहेबांनी तिला उठवून तिची खुर्ची आपल्या अंगाला होतेय का ते बसून पाहिलं. "उद्या तुम्ही आईकडे जा. हे मला जमेल. इतकी वर्षं मी याहून वेगळं काय केलंय?"

सवयीनं तिची मान डोलायला लागली. पण साहेबांनीच आधी मान डोलवली, तिची जुनी, रजा मंजूर झाल्याची मान.

ऑपरेशन लांबलं. दवाखान्याच्या बाकावर ताई हातावर हात चोळत बसली होती. अखेर आईला बाहेर आणलं. भुलीतून अर्धवट वर येत आईनं पहिल्यांदा भिंतीकडे हात नेला. मग तो हात ताईच्या हाताला लागला, तशी तिनं तो धरला आणि पुन्हा डोळे मिटले.

तेवढ्यात फोन किणकिणला. ढगानं उत्तर धाडलं होतं: 'अभिनंदन! आज आपण एक क्षणही जागेवरून हलला नाहीत. आपल्यासारखे कर्मचारी हीच आमची संपत्ती.'

पाठोपाठ साहेबांचा निरोप होता. "मनगट दुखतंय. आई कशी आहे? आणि ते 'अल्पोपाहार विराम' म्हणजे चहाच ना? दाबू का?"

ताईनं घाईघाईनं लिहिलं, "साहेब, पाया पडते. काहीही दाबू नका."