धप्प

कमरेचा पट्टा आवळून तिने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात सभागृह हसायला लागलं.

"थांबा की, अजून पडले नाहीये मी," ती माइकमध्ये म्हणाली.

आणखी हशा. तासभर सगळं मनासारखं जमत होतं. बारा वर्षं सिनेमात नायिकांच्या जागी पडणारी स्टंटबाई आज स्वतःचा स्टँड-अपचा कार्यक्रम करत होती, आणि तीन कॅमेरे पहिल्यांदाच तिच्या पाठीऐवजी चेहरा टिपत होते. शेवट ठरलेला होता: शिडीच्या टोकावरून मागच्या मागे झोकून द्यायचं, खालच्या गाद्यांवर. "ताई, लोक त्याचसाठी बघणार," दिग्दर्शकाने बजावलं होतं. बाळंतपणानंतरची ही पहिलीच उडी. सरावात दोनदा बिनचूक जमली होती.

"पहिल्या रांगेत माझी आई बसलीय," चढता चढता ती सांगू लागली. "तिने माझं काम कधी पाहिलेलं नाही. ऐकलंय. मी वर गेले की ती डोळे गच्च मिटते. धप्प झालं की उघडते, माझा अंगठा वर दिसला की म्हणते, चल, जेवायला."

टाळ्या पडल्या. टोकाला पोहोचून तिने खाली पाहिलं. आईचे डोळे मिटलेले होतेच. मांडीवरची आठ महिन्यांची लेक मात्र मान वर करून, डोळे विस्फारून तिच्याकडे पाहत होती. लेकीचे डोळे झाकायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

पडद्याआडून दिग्दर्शकाने हाताने इशारा केला. आता.

ती वळली आणि शिडी उतरू लागली.

उतरायची सवयच नव्हती तिला. पाऊल चाचपडत पायरी शोधत होतं. खाली आई धप्पची वाट पाहत राहिली. शेवटी न राहवून तिने एक डोळा किलकिला केला.

"अगं, हळू! नीट धर ना, पडशील!"

तासाभरातला सगळ्यात मोठा हशा तो होता, आणि तो तिने लिहिलेला नव्हता. मधल्याच पायरीवर थांबून तिने तो पुरता ओसरू दिला. मग एक हात सोडून अंगठा वर केला.

"दोन्ही हातांनी धर," आई म्हणाली.