पश्चिमेचा व्हरांडा

मावशीने कच्चा मजकूर टेबलावर पालथा घातला आणि वर चष्मा काढून ठेवला.

"ते वाक्य काढ," ती म्हणाली.

समोर बसलेला भाचा बांधकाम खात्यात इंजिनियर होता. खात्याला गावात शंभर वर्षं होत होती, आणि त्यानिमित्त सरकारी इमारतींचा इतिहास लिहिण्याचं काम इतरांनी कानावर हात ठेवल्यामुळे त्याच्या गळ्यात पडलं होतं. पोस्ट, कोर्ट, पाण्याची टाकी, शाळा ही प्रकरणं मावशीने मान डोलावत वाचली. दवाखान्यापाशी ती अडली.

"कुठलं वाक्य?"

"नदीकडे तोंड केलेला पश्चिमेचा व्हरांडा म्हणजे साहेबांची दूरदृष्टी, असं लिहिलंयस ते. दूरदृष्टी कसली. माझी चूक आहे ती."

तो हसला. मावशीच्या थट्टेची त्याला सवय होती. पण ती हसत नव्हती.

मावशी त्याच खात्यात चौतीस वर्षं ट्रेसर होती. इमारतींचे नकाशे आखणारे साहेब पातळ कागदावर पेन्सिलीने नुसत्या रेषा काढत. नावं आणि मापं वेगळ्या चिठ्ठीवर येत. त्या कागदावर आरपार दिसणारं मेणकापड अंथरून सगळं शाईने उतरवायचं, नावं घालायची, साहेबांची सही घ्यायची, की त्याच्या निळ्या प्रती निघून बांधकामावर जात. गावातली प्रत्येक खिडकी आधी माझ्या टेबलावर उघडली, असं ती म्हणे, आणि त्यात फुशारकी असली तरी खोटं काही नव्हतं. कोर्टाच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत हे ती तो बांधायच्या आधीपासून सांगू शकत होती.

"काचेचं टेबल असायचं, खाली दिवा," ती आता म्हणाली. "दुपारी सगळे पेंगायचे. मेणकापडाखालून रेषा वर तरंगत यायच्या आणि मी आपली आत शिरायची. अजून न बांधलेल्या खोल्यांतून हिंडायची. खिडकीत बसायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात तर इतका वेळ बसले की घरी जायची वेळ झाली."

"आणि?"

"आणि साहेबांचा कागद मी उलटा ठेवला होता. पातळ कागद, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायचा. चिठ्ठीतली नावं मी सुलटी घातली, म्हणून कुणाला संशय आला नाही. उत्तर उत्तरेलाच राहिली. पूर्वेचा व्हरांडा तेवढा पश्चिमेला गेला. साहेबांनी विश्वासाने सही ठोकली."

भाच्याने मजकूर आपल्याकडे ओढून घेतला, पण वाचला नाही.

"तो नकाशा उतरवला तेव्हा मला लागून दहा महिने झाले होते. नोकरी पक्की व्हायला दोन महिने बाकी. घरात कमावती मी एकटी, तुझी आई शाळेत. पहिल्याच उन्हाळ्यात व्हरांड्यात आजारी माणसं भाजून निघाली. तक्रारी झाल्या. खापर साहेबांवर फुटलं, बढती हुकली, कुठे लांब बदली झाली. मी तिथेच दौतीत टाक बुडवून बसले होते. तोंडातून शब्द फुटला नाही."

"व्हरांड्यापुढची झाडं त्यांनीच लावली ना?"

"जाण्याआधी. स्वतः उभं राहून."

ती झाडं आता एवढी मोठी होती की संध्याकाळी बरी माणसंही त्या व्हरांड्यात जाऊन बसत. पानांतून गाळून आलेलं ऊन फरशीवर हलत राही, नदीचा वारा येई आणि डॉक्टरांनी नंबर पुकारला तरी कुणाला चटकन उठवत नसे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी. आता कोण विचारतंय?"

"मी विचारते. रोज. त्या माणसाने बोलणी खाल्ली ती माझी. मी आहे तोवर खरं छापून येऊ दे."

तोंडी गोष्टीला खात्यात किंमत नाही, मूळ कागद हवा, असं त्याने सांगितलं. कागद सापडणार नाही, अशी त्याला मनातून आशा होती.

दुसऱ्या दिवशी दोघं रेकॉर्डच्या खोलीत गेली. तिथे दुपारसुद्धा जुनी वाटत होती. रेकॉर्डकीपर म्हणाला, "त्या वेळचं सगळं वाळवीने वाचून काढलंय," आणि अर्ध्या तासात गाठोडं घेऊन आला.

मावशीने कागद लगेच ओळखला. व्हरांड्यावर बोट ठेवून म्हणाली, "बघ. पूर्वेला."

आपलं म्हणणं खरं ठरलं याचा तिला जरासुद्धा आनंद झाला नव्हता. भाच्याला तिची फार दया आली. काहीतरी करायचं म्हणून त्याने कागद खिडकीच्या उजेडात धरला, आणि थबकला. त्याने तो पालथा केला. मागच्या बाजूनेही कुणीतरी पेन्सिल फिरवली होती. प्रत्येक भिंत, प्रत्येक दार, पलीकडून दिसणाऱ्या रेषेवर नेमकी रेषा. या बाजूला व्हरांडा पश्चिमेला होता. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हीच बाजू प्रमाण मानावी.' खाली सही आणि तारीख.

"साहेबांचंच अक्षर," मावशी म्हणाली.

"तक्रारी झाल्यावर लिहिलं असेल. आणखी अंगाशी येऊ नये म्हणून."

"तारीख काय आहे?"

त्याने वाचली. मग गाठोड्यातली निळी प्रत काढून तिच्यावरची मावशीच्या हातची तारीख पाहिली. पुन्हा दोन्ही ताडून पाहिल्या.

"तू ट्रेसिंग दिलंस त्याच्या दुसऱ्या दिवशीची."

"आणि पाया?"

ते त्यानेच प्रकरणात लिहिलं होतं. "चार महिन्यांनी खणला."

मावशी स्टुलावर बसली.

"पुन्हा उतरवायला मला एक दुपार लागली असती," ती म्हणाली. "नुसती हाक मारायची होती."

"सही झालेलं ट्रेसिंग रद्द करायचं तर कारण लेखी द्यावं लागतं, मावशी. कुणाची चूक, तेही. अजूनही. आणि तुझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने होते."

हा नियम तिला ठाऊक नव्हता असं नाही. पुढे नव्या ट्रेसरना तिनेच तो शिकवला होता.

शेवटी रेकॉर्डकीपरने गाठोडं बांधायला हात पुढे केला.

"थांबा," मावशी म्हणाली, आणि कागद तिने स्वतःकडे ओढून घेतला. "अजून बघतेय मी."