सात नंबरचा ठसा

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा उजवा हात एकदा चार दिवस माझ्याशिवाय कामावर गेला होता. वेळेवर जायचा, वेळेवर परतायचा. आणि मी घरी असताना जेवढं काम करतो, म्हणजे काहीच नाही, त्यापेक्षा किती तरी जास्त काम करून यायचा.

ही गोष्ट मी परवा जावयाला सांगत होतो. सुट्टीची दुपार होती. जावई तोंड पाडून बसलेला. आमची ही शेजारी बसून फडक्याने कपाटातल्या वस्तू पुसत होती. मोतीबिंदू काढल्यापासून हिला घरात जिकडेतिकडे धूळ दिसते. खिडकीजवळच्या खुर्चीत आमचे साडू चहा पीत होते. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सत्तरी उलटली तरी डोक्यावर पूर्ण केस. बघावं तेव्हा माझ्या टाळूला खाज सुटते.

"कंपनीनं पत्र दिलंय," जावई म्हणाला. "मंदी आहे, महिनाभर बिनपगारी काम करा. आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं लिहिलंय."

"कंपनी स्वतःला कुटुंब म्हणवायला लागली की सावध व्हावं, जावईबापू," मी म्हणालो. "घरात राबणाऱ्याला कुठे पगार असतो?"

"मला विचारा," ही फडकं न थांबवता म्हणाली.

"पण माझ्या शेजारच्या टेबलावाल्यानं सही करूनसुद्धा टाकली," जावई म्हणाला. "आता मी नाही केली तर..."

"हां! गोम आहे ती इथंच," मी म्हणालो आणि मांडी ठोकून बसलो.

आमचा कुलपांचा कारखाना होता. मी आणि साडू दोघेही तपासनीस. शेजारी शेजारी बाकं. तयार कुलूप हातात घ्यायचं, कानाशी धरायचं, किल्ली दहा वेळा फिरवायची. चांगलं कुलूप 'खट्' म्हणतं. वाईट कुलूप 'खट्' म्हणून पुढे काहीतरी पुटपुटतं, आमच्या सासऱ्यांसारखं. पास झालं की बुडाशी आपल्या नंबरचा ठसा हातोडीने मारायचा. माझा नंबर सात, साडूंचा आठ. माझा सात शिपायासारखा ताठ उभा. साडू डावखुरे, त्यामुळे त्यांचा आठ कायम डावीकडे कललेला, भिंतीला टेकून पेंगणाऱ्या माणसासारखा.

"पण तुमचा कान तेज होता हो, भावोजी," ही मध्येच म्हणाली. "बाबा म्हणायचे, माझा थोरला जावई कुलपाच्या पोटातलं ऐकतो."

बघा. चाळीस वर्षं झाली, सासरे जाऊन पंचवीस झाली, तरी ते वाक्य आमच्या घरात पाहुण्यासारखं येऊन बसतं. मला सासरे काय म्हणायचे? "धाकटे जावई बोलतात छान."

तर एके दिवशी मालक खोक्यावर चढून म्हणाले, "मंदी आली आहे. लोकांकडे कुलूपबंद करण्यासारखं काही उरलेलं नाही, तर कुलपं घेणार कोण? आठ आठवडे पगाराविना काढा. बरे दिवस आले की सगळ्यांना परत पगार. फक्त तपासणीचं बाक एकच राहील. आठ आठवड्यांत ज्याचा ठसा जास्त कुलपांवर, बाक त्याचं."

किल्ल्या घासणारा म्हातारा मागून ओरडला, "मालक, मग या आठ आठवड्यांत तुम्हीही नफा घेणार नाही ना?"

"नफ्याचं तोंडही विसरलोय मी," मालक म्हणाले.

"आम्ही तर ते पाहिलेलंच नाही," म्हातारा म्हणाला.

सगळे हसले. मी नाही हसलो. मी साडूंच्या कानाकडे बघत होतो.

जावईबापू, पगार होता तेव्हा आम्ही दिवसाला दोनशे कुलपं तपासायचो आणि तीनदा चहाला उठायचो. पगार बंद झाला आणि पहिल्याच दिवशी मी तीनशे केली. का? तर साडूंनी दोनशे नव्वद केली म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीनशे दहा केली. मालक बेटा हुशार. त्याला कळलं होतं की माणूस भुकेपोटी जेवढा राबत नाही, तेवढा साडूपोटी राबतो.

तिसऱ्या आठवड्यात साडू दोन्ही कानांना दोन कुलपं लावून एकदम तपासायला लागले.

"असं काही नव्हतं," खिडकीजवळून साडू हळूच म्हणाले.

"तुम्हाला दिसत नव्हतं, मला दिसत होतं," मी म्हणालो.

मग मीही दोन कानांना दोन आणि तिसरं दातात धरलं. 'खट्' दाढेत जाणवायचं. घरी जेवायला बसलो की चमचा तोंडात गेल्यावर आपोआप दहा वेळा फिरायचा. डब्यांचे तळ दिसायला लागले होते. ही लोकांच्या कपड्यांना काजं करून घर ओढत होती. मला दिसायचं सगळं, पण त्याहून जास्त दिसायचा फळ्यावर खडूने लिहिलेला आकडा. सात नंबर इतके, आठ नंबर तितके. बाक गेलं असतं तर घर बसलं असतं, हे खरं. पण खरं सांगू? बाक दुसऱ्या कुणाला गेलं असतं तर मी कुठेतरी हमाली केली असती. ते साडूंना जायला नको होतं.

"काय पोटात दुखायचं एवढं?" जावयाने विचारलं.

"केस," ही म्हणाली.

सातवा आठवडा संपला तेव्हा आकडे बरोबरीत आले. आणि आठव्या आठवड्यात सोमवारी मी कामावरून आलो तो फणफणतच. अंगात ताप असा, की हिने कपाळावर ठेवलेली ओली पट्टी वाळून कडक व्हायची आणि तिचा पापडासारखा आवाज यायचा. मंगळवारी मी उठायला गेलो आणि पडलो. डोळ्यांपुढे एकच चित्र. साडू बाकावर, शेजारी माझं बाक रिकामं, खणात माझा सात नंबरचा ठसा गार पडलेला.

तेव्हा माझा उजवा हात उठला.

मी नाही उठलो, हात उठला. ताप मला होता, हाताला नव्हता. खांद्यापासून सुटला, बाही सावरली, दाराची कडी काढली आणि गेला. संध्याकाळी परतला तो तेलाचा वास घेऊन. असे चार दिवस. शनिवारी मी धडपडत कारखान्यात गेलो, तर फळ्यावर सात नंबर एकतीस कुलपांनी पुढे. मालकांनी त्या चार दिवसांतलं सात नंबरचं शेवटचं कुलूप मला बक्षीस दिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून आणखी चार आठवडे फुकट काम मागितलं.

"म्हणजे जिंकल्याचं बक्षीस हे?" जावई म्हणाला.

"हेच. पण बाक माझं झालं. पुढची बावीस वर्षं त्यावर बसलो."

आणि साडू? साडूंनी माझा हात हातात घेतला, "बरं वाटतंय का आता?" एवढंच विचारलं आणि गेले. तोंडावर एक सुरकुती नाही. अहो, हरलेला माणूस थोडा रडला तर जिंकणाऱ्याला बरं वाटतं! एवढंसुद्धा त्यांनी मला दिलं नाही. पुढे नाक्यावर सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं, तर तेही चाललं. पण मोजून एकदा, आयुष्यात एकदाच, मी या माणसाच्या पुढे गेलो. त्याचा पुरावा आहे. ते बघा, हिच्याच हातात.

हिच्या हातात तेच कुलूप होतं. चाळीस वर्षं कपाटात काचेमागे ठेवलेलं. ही त्याचं बूड फडक्याने घासत होती. पितळ चमकायला लागलं होतं.

"अगं, ठेव ते," साडू एकदम म्हणाले. "जुनं झालंय. कशाला घासतेस एवढं?"

त्यांनी चहाचा कप डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. तसा घेताना मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. चहा बशीत सांडला.

मी घाईने जावयाकडे वळलो. "तर तुम्ही सही करू नका, कारण माझ्या उजव्या हातासारखा हात सगळ्यांनाच..."

"थांबा हो," ही म्हणाली. तिने कुलूप खिडकीच्या उजेडात धरलं, चष्मा वर सारला, पुन्हा खाली घेतला. मग साडूंकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"खोटं बोलताय तुम्ही. चाळीस वर्षं खोटं बोलताय," ती म्हणाली. "तुमचा उजवा हात कुठे गेला नव्हता. हा सात डावीकडे कललाय."